सरासरीत न बसणारी माणसे : अमेरिकेतील ‘मॅनेज्ड केअर’ आणि दिव्यांगांचा इतिहास

१/
२२ जून २०१७. वॉशिंग्टन. सिनेटमधील बहुमताचे नेते मिच मॅकॉनेल यांच्या कार्यालयाबाहेरचा मार्ग व्हीलचेअरनी भरून गेला होता. ‘अडॅप्ट’ या दिव्यांगांच्या संघटनेचे कार्यकर्ते घोषणा देत होते. काही जण खुर्चीवरून उतरून थेट फरशीवर आडवे झाले होते. पोलिसांनी एकेकाला उचलून बाहेर नेले. त्या दिवशी ४३ जणांना अटक झाली.

२/
त्यांचा विरोध एका विधेयकाला होता. ‘मेडिकेड’ ही अमेरिकेतील गरीब आणि दिव्यांग नागरिकांसाठीची सरकारी आरोग्य योजना. तिचा खर्च केंद्र आणि राज्ये मिळून उचलतात. राज्याचा खर्च वाढला की केंद्राचा वाटाही त्या प्रमाणात वाढतो. नव्या विधेयकाने हा वाटा ‘माणशी ठरावीक रक्कम’ असा बांधून टाकायचे ठरवले होते.

हिशेबाचे एक कोरडे कलम. त्यासाठी माणसे फरशीवर का झोपली? उत्तरासाठी सुमारे ऐंशी वर्षे मागे, एका वाळवंटात जावे लागते.

३/
१९३३. कॅलिफोर्नियातील मोहावी वाळवंट. कोलोरॅडो नदीचे पाणी लॉस एंजेलिसकडे नेणाऱ्या कालव्याचे काम सुरू होते. तिथल्या मजुरांसाठी सिडनी गारफिल्ड या तरुण डॉक्टरने १२ खाटांचे रुग्णालय उघडले. रुग्ण भरपूर, पण पैसे हाती येत नव्हते. रुग्णालय बंद पडायची वेळ आली.

तेव्हा एक तोड निघाली. विमा कंपनीने उपचारानंतर बिल देण्याऐवजी प्रत्येक मजुरामागे दिवसाला ५ सेंट आगाऊ द्यायचे. कामाबाहेरच्या आजारासाठी मजुराने स्वतःचे आणखी ५ सेंट द्यायचे. मोबदल्यात लागेल तो उपचार.

४/
मराठी वाचकाला ही पद्धत अगदीच परकी वाटू नये. गावगाड्यात सुतार-लोहाराला प्रत्येक कामाचे वेगळे पैसे मिळत नसत. वर्षाच्या सुगीला ठरलेले बलुते मिळे आणि वर्षभर पडेल ते काम करावे लागे. नांगर एकदा मोडो वा चारदा, बलुते तेवढेच. बलुतेदारीचे जातीय जोखड वेगळे, त्याची तुलना इथे नाही. पण मोबदल्याचे तत्त्व हेच : कामागणिक नव्हे, घरागणिक. इंग्रजीत या दरडोई पद्धतीला ‘कॅपिटेशन’ म्हणतात.

५/
या पद्धतीने डॉक्टरचा हिशेब उलटा झाला. पूर्वी रुग्ण आला की कमाई होत असे. आता रुग्ण आला की खर्च होऊ लागला. त्यामुळे मजूर आजारी वा जखमी न होण्यातच डॉक्टरचेही हित आले. गारफिल्ड कामाच्या जागी वर आलेले खिळे ठोकून घ्यायला लावत, अशी आठवण सांगितली जाते.

उद्योगपती हेन्री कायझर यांना ही कल्पना आवडली. १९३८ मध्ये ग्रँड कूली धरणावर, मग महायुद्धात रिचमंडच्या जहाजबांधणी गोद्यांत ती वाढली. १९४५ मध्ये ती सामान्य जनतेसाठी खुली झाली. आजची ‘कायझर परमनंटे’ ती हीच.

६/
मात्र ५ सेंट हा आकडा कोणाच्या अंगावर बेतला होता, हे लक्षात घ्यावे. धडधाकट, कमावत्या वयाचे, हजेरीपटावर नाव असलेले मजूर. ज्याला काम करता येत नाही त्याचे नाव पटावर नव्हते, म्हणून तो सरासरीतही नव्हता.

खुद्द कायझर यांच्या मुलाला मल्टिपल स्क्लेरोसिस हा मज्जासंस्थेचा आजार जडला, तेव्हा १९४६ मध्ये डॉ. हर्मन काबाट यांच्यासोबत ‘काबाट-कायझर’ ही वेगळी पुनर्वसन संस्था उभी राहिली. कोळसा खाणींतील अपघातांत पांगळे झालेले कामगारही तिथे आले. त्यांचा खर्च खाणकामगार संघटनेच्या कल्याण निधीने उचलला. दीर्घकाळच्या अपंगत्वासाठी वेगळी संस्था आणि वेगळा पैसा लागला.

७/
आता मिनिआपोलिस. तिथल्या सिस्टर केनी इन्स्टिट्यूटमध्ये पन्नासच्या दशकात पॉल एलवुड हे डॉक्टर पोलिओग्रस्त मुलांवर उपचार करत होते. १९५५ मध्ये साल्क यांची लस आली आणि पोलिओचे रुग्ण झपाट्याने घटले. संस्था इतर अपंगत्वांच्या पुनर्वसनाकडे वळली.

एलवुड यांना तिथे एक विसंगती खुपू लागली. अनेक मुले घरी, आईवडिलांजवळ अधिक चांगली राहिली असती. पण खाट भरलेली असेल तरच संस्थेला पैसे मिळत. मुलाला लवकर घरी पाठवणे म्हणजे स्वतःच्या संस्थेचे नुकसान करणे.

८/
त्यातून त्यांचा निष्कर्ष असा : आजाराबद्दल पैसे दिले तर आजारच वाढतो; माणसाला निरोगी ठेवण्याबद्दल आगाऊ पैसे द्यावेत. १९७० च्या फेब्रुवारीत त्यांनी हा विचार निक्सन यांच्या अधिकाऱ्यांसमोर मांडला आणि त्याला नावही दिले : ‘हेल्थ मेंटेनन्स ऑर्गनायझेशन’, म्हणजेच एचएमओ.

ज्या यंत्रणेशी दिव्यांगांना पुढे अर्धे शतक झगडावे लागले, तिचे नामकरण दिव्यांग मुलांना घरी पाठवू पाहणाऱ्या डॉक्टरने केले होते.

९/
२९ डिसेंबर १९७३ रोजी निक्सन यांनी एचएमओ कायद्यावर सही केली. नव्या संस्थांना अनुदान व कर्ज मिळाले. २५ किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आणि आरोग्य विमा देणाऱ्या मालकांना, परिसरात पात्र एचएमओ असल्यास, तो पर्याय देणे बंधनकारक झाले.

सुरुवातीच्या अनेक संस्था ना-नफा होत्या. ऐंशीच्या दशकात चित्र पालटले. नफ्यासाठी चालणाऱ्या कंपन्या आणि भागधारक आले. वाचलेला पैसा रुग्णसेवेत परत जावा की लाभांश म्हणून वाटला जावा, हा प्रश्न तेव्हापासूनचा.

१०/
या साऱ्या व्यवस्थेला मिळून ‘मॅनेज्ड केअर’ म्हणतात. तिची हत्यारे साधारण चार. एक, दरडोई ठरावीक रक्कम. दोन, ठरलेल्या यादीतलेच डॉक्टर व रुग्णालये. तीन, ‘द्वारपाल’ डॉक्टर : त्याच्या चिठ्ठीशिवाय तज्ज्ञाकडे जाता येत नाही. चार, पूर्वपरवानगी : महागडा उपचार वा साधन ‘वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक’ आहे की नाही, हे कंपनी आधी ठरवते.

वर्षातून एकदा ताप येणाऱ्या माणसाला ही चारही हत्यारे फारशी जाणवत नाहीत. आयुष्यभर साधनांवर आणि तज्ज्ञांवर अवलंबून असलेल्याच्या वाटेत ती रोज येतात.

११/
याच काळात कॅलिफोर्नियात एक वेगळा विचार आकार घेत होता. एड रॉबर्ट्स यांना १४ व्या वर्षी पोलिओ झाला; मानेखालचे शरीर जवळजवळ निकामी झाले, श्वासासाठी ‘आयर्न लंग’ या यंत्राचा आधार लागे. १९६२ मध्ये त्यांनी बर्कलीच्या विद्यापीठात प्रवेश मिळवला. ते यंत्र वसतिगृहात मावेना, म्हणून त्यांची सोय विद्यापीठाच्या रुग्णालयात झाली. हळूहळू इतरही दिव्यांग विद्यार्थी तिथे आले.

१९७२ मध्ये या मंडळींच्या धडपडीतून बर्कलीत ‘सेंटर फॉर इंडिपेंडंट लिव्हिंग’ उभे राहिले.

१२/
त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : अपंगत्व म्हणजे बरा करायचा आजार नव्हे. सकाळी अंथरुणातून उठवायला मदतनीस, चालणारी व्हीलचेअर, पायरीऐवजी उतार, एवढे मिळाले तर माणूस शिकतो, कमावतो, संसार करतो. आणि मदत कोणती, केव्हा, कोणाकडून घ्यायची हे ज्याचे शरीर त्याने ठरवावे.

एकीकडे ‘गरज कंपनी ठरवेल’ म्हणणारी व्यवस्था, दुसरीकडे ‘गरज आम्ही ठरवू’ म्हणणारी चळवळ. दोन्ही सत्तरच्या दशकात एकाच देशात वाढल्या.

१३/
चळवळीच्या हाती कायद्याचे एक कलम होते. १९७३ च्या पुनर्वसन कायद्यातील कलम ५०४ : केंद्राचा पैसा घेणाऱ्या कोणत्याही योजनेने अपंगत्वाच्या कारणाने भेदभाव करू नये. नियम निघेनात, म्हणून एप्रिल १९७७ मध्ये शंभरहून अधिक दिव्यांग कार्यकर्त्यांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या सरकारी इमारतीत तीन आठवड्यांहून अधिक काळ ठाण मांडले. अखेर २८ एप्रिलला नियमांवर सही झाली.

पण हे कलम आरोग्यसेवेच्या हिशेबाला लावता येईल का? ही कसोटी १९८५ मध्ये लागली.

१४/
टेनेसी राज्याचे मेडिकेड तेव्हा वर्षाला २० दिवसांपर्यंतच्या रुग्णालय-वास्तव्याचे पैसे देत असे. पैसे कमी पडू लागले, तेव्हा राज्याने ही मर्यादा १४ दिवसांवर आणायचे ठरवले. सर्वांना सारखाच नियम.

न्यायालयासमोर आकडे आले. १९७९-८० मध्ये रुग्णालयात गेलेल्या दिव्यांग लाभार्थ्यांपैकी २७.४ टक्के लोकांना १४ दिवसांपेक्षा अधिक काळ राहावे लागले होते. इतरांत हे प्रमाण केवळ ७.८ टक्के होते. नियम सारखा, पण त्याचा भार एकाच बाजूला.

१५/
‘अलेक्झांडर विरुद्ध चोट’ हा तो खटला. सर्वोच्च न्यायालयाने एकमताने राज्याच्या बाजूने निकाल दिला. निकालपत्र लिहिले थरगुड मार्शल यांनी. वंशभेदाविरुद्धच्या लढ्यातले हे मोठे नाव. त्यांचा युक्तिवाद असा, की मेडिकेड ‘पुरेशी आरोग्यसेवा’ देण्याचे वचन देत नाही. ते ठरावीक सेवांची एक पुरचुंडी देते. १४ दिवसांची पुरचुंडी दिव्यांगांनाही इतरांइतकीच खुली आहे, म्हणून भेदभाव नाही.

१६/
हा खटला खासगी एचएमओविरुद्ध नव्हता. तरीही या इतिहासात त्याचे स्थान मोठे आहे. नकळत घडलेला भेदभावही कलम ५०४ खाली येऊ शकतो, हे मार्शल यांनी तत्त्वतः मोकळे ठेवले. पण पुरचुंडीचा आकार सरासरी माणसावर बेतला, तर त्याला आव्हान देणे जवळजवळ अशक्य आहे, हेही त्याच दिवशी स्पष्ट झाले. पुढे १९९० चा ‘अमेरिकन्स विथ डिसॅबिलिटीज अ‍ॅक्ट’ आला, तेव्हाही जोखमीनुसार विम्याच्या अटी ठरवण्याची विमा कंपन्यांची मुभा त्यात बऱ्याच अंशी शाबूत राहिली.

१७/
न्यायालयाबाहेर मात्र एक दार उघडले होते, तेही एका लहान मुलीमुळे. आयोवा राज्यातील केटी बेकेट. जन्म १९७८. काही महिन्यांची असताना मेंदूज्वर झाला आणि तिला श्वासासाठी यंत्र लागू लागले. तीन वर्षांची झाली तरी तिचे बहुतेक आयुष्य रुग्णालयातच गेले होते. घरी नेणे शक्य होते, पण नियम आड येत होता : रुग्णालयात असेल तर मेडिकेड, घरी गेली तर आईवडिलांचे उत्पन्न मोजून मेडिकेड बंद.

१८/
१० नोव्हेंबर १९८१ च्या पत्रकार परिषदेत राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी तिचे उदाहरण दिले : रुग्णालयात महिन्याला ६,००० डॉलर, घरी १,०००. सरकारी नियमांचा हा वेडेपणा नव्हे काय? त्या वर्षीचा नाताळ केटीने घरी साजरा केला. त्याच सुमारास घरी आणि समाजात राहून सेवा घेण्याची सवलत कायद्यात आली. पुढे केटी महाविद्यालयीन पदवीधर झाली, स्वतंत्र राहिली. २०१२ मध्ये ३४ व्या वर्षी तिचे निधन झाले.

१९/
पण या विजयात एक मेख होती. घरसेवेची सवलत मिळवणाऱ्या राज्याला दाखवावे लागे की घरसेवेचा सरासरी खर्च संस्थेतल्या खर्चापेक्षा जास्त होत नाही. घरी राहणे हा हक्क म्हणून नव्हे, स्वस्त पर्याय म्हणून मान्य झाले होते.

एलवुड यांची पोलिओग्रस्त मुले, बर्कलीचे कार्यकर्ते, रेगन आणि विमा कंपन्या, सगळ्यांचे बोट एकाच दिशेला होते : रुग्णालयाबाहेर. मतभेद होता तो वाचलेल्या पैशाचे काय करायचे, यावर.

२०/
नव्वदच्या दशकात मॅनेज्ड केअर सर्वत्र पसरली. अ‍ॅरिझोनाने तर १९८२ मध्ये मेडिकेड स्वीकारतानाच ते दरडोई पद्धतीवर उभे केले होते. १९९१ साली देशभरातील मेडिकेड लाभार्थ्यांपैकी दहांत जेमतेम एक जण मॅनेज्ड केअरमध्ये होता. १९९८ पर्यंत निम्म्याहून अधिक.

राज्यांनी आधी निरोगी माता-बालकांना या योजनांत घातले. दिव्यांगांकडे वळताना ती बिचकली. कारण मेडिकेडमध्ये दिव्यांगांची संख्या साधारण सहांत एक होती, पण एकूण खर्चातला त्यांचा वाटा चाळीस टक्क्यांच्या आसपास होता.

२१/
इथे दरडोई पद्धतीचे गणित एका काल्पनिक उदाहरणाने पाहू. एका योजनेत १०० माणसे, वर्षाला माणशी ३,००० डॉलर. जमा ३ लाख. त्यांपैकी ९० जणांवर माणशी १,००० खर्च, १० जणांवर माणशी २०,०००. एकूण खर्च २ लाख ९० हजार. उरले १० हजार.

आता एका निरोगी माणसाच्या जागी एक जास्त खर्चाचा माणूस आला, तर योजना ९ हजारांनी तोट्यात जाते. उलट दहांपैकी पाच जण कंटाळून निघून गेले आणि त्यांच्या जागी निरोगी माणसे आली, तर शिल्लक १ लाख ५ हजार होते.

२२/
कोणीही दुष्ट असण्याची गरज नाही. हा हिशेबच कंपनीला सांगतो की दिव्यांग सभासद नकोत. नकार उघडपणे देता येत नाही. पण यादीत पाठीच्या कण्याच्या दुखापतीचे तज्ज्ञ मोजकेच ठेवता येतात, व्हीलचेअरच्या दुरुस्तीची परवानगी महिनोन्‌महिने रेंगाळू शकते, सभासदत्वासोबत व्यायामशाळेचा पास देता येतो. पुढे मेडिकेअर या ज्येष्ठांच्या योजनेतील खासगी विम्याबाबत संशोधकांनी दाखवले, की व्यायामशाळेची सवलत देणाऱ्या योजनांकडे तुलनेने निरोगी माणसे वळतात.

२३/
दुसरी अडचण होती ‘आवश्यक’ या शब्दाची. उपचाराने सुधारणा होणार असेल तरच पैसे, असा दंडक अनेक ठिकाणी पाळला जाई. पक्षाघातानंतर पुन्हा चालू लागणाऱ्याला हा निकष लागू पडतो. पण ज्याचे स्नायू आखडू नयेत, आहे ती हालचाल टिकावी, एवढ्यासाठीच फिजिओथेरपी हवी, त्याच्यात ‘सुधारणा’ दिसणार कुठून?

मेडिकेअरबाबत हा प्रश्न व्हरमाँटच्या ग्लेंडा जिमो यांच्या दाव्यातून धसास लागला. त्या दृष्टिहीन होत्या, एक पाय कापलेला होता. जानेवारी २०१३ च्या तडजोडीत सरकारने मान्य केले, की स्थिती टिकवण्यासाठी लागणारी कुशल सेवाही नाकारता येणार नाही. खासगी कंपन्यांमार्फत चालणाऱ्या मेडिकेअर योजनांनाही ते लागू झाले.

२४/
सरासरीचा सर्वांत उघड संघर्ष ऑरेगन राज्यात झाला. १९८७ मध्ये राज्याने अवयव प्रत्यारोपणाचे पैसे थांबवले आणि रक्ताच्या कर्करोगाने आजारी असलेला कोबी हॉवर्ड हा सात वर्षांचा मुलगा दगावला. राज्याच्या सिनेटचे अध्यक्ष जॉन किट्झहाबर स्वतः डॉक्टर होते. त्यांनी मांडले, की काहींना सर्व काही देण्याऐवजी सर्व गरिबांना मूलभूत सेवा द्याव्यात. आजार-उपचारांच्या ७०९ जोड्यांची क्रमवारी तयार झाली. ५८७ व्या क्रमांकाखाली रेघ मारली गेली. रेघेखाली पैसे नाहीत. आणि ही सेवा मुख्यतः मॅनेज्ड केअर योजनांमार्फत द्यायची होती.

२५/
ही क्रमवारी ठरवताना ऑरेगनच्या सुमारे हजार नागरिकांना दूरध्वनीवरून विचारले होते : अमुक अवस्थेत जगणे तुम्हाला किती वाईट वाटेल? बहुतेक उत्तरे देणाऱ्यांनी ती अवस्था स्वतः भोगलेली नव्हती. धडधाकट माणसाला व्हीलचेअरवरचे आयुष्य जितके भयानक वाटते, तितके ते व्हीलचेअर वापरणाऱ्याला वाटत नाही.

ऑगस्ट १९९२ मध्ये केंद्राने हा प्रस्ताव फेटाळला. कारण दिले १९९० च्या दिव्यांग हक्क कायद्याचे : अशी मोजणी दिव्यांगांचे आयुष्य कमी मोलाचे ठरवते. हे सर्वेक्षण वगळून केलेली नवी क्रमवारी १९९३ मध्ये मंजूर झाली.

२६/
म्हणजे दरडोई पद्धत दिव्यांगांसाठी मुळातच घातक होती का? बोस्टनचा अनुभव वेगळा आहे.

१९९२ मध्ये ‘कम्युनिटी मेडिकल अलायन्स’ या छोट्या संस्थेने मॅसॅच्युसेट्सच्या मेडिकेडशी करार केला. तीव्र शारीरिक अपंगत्व असलेल्या सभासदांसाठी दरडोई रक्कम, पण त्यांच्या प्रत्यक्ष गरजेवर बेतलेली, म्हणजे सरासरीच्या कितीतरी पट. डॉ. रॉबर्ट मास्टर हे तिचे प्रमुख शिल्पकार. प्रशिक्षित परिचारिका रुग्णाच्या घरी जात आणि उपचाराचे बरेचसे निर्णय तिथेच घेत.

२७/
याचा अर्थ एका साध्या वस्तूतून कळतो. पाठीच्या कण्याला इजा झालेल्या माणसाच्या व्हीलचेअरवरची विशेष गादी. ती वेळेवर बदलली नाही तर बेडसोअर होतो. तो चिघळला तर शस्त्रक्रिया आणि महिनोन्‌महिने रुग्णालय. जुन्या पद्धतीत गादीला परवानगी मिळणे कठीण, शस्त्रक्रियेचे पैसे मात्र आपोआप मिळत. बोस्टनच्या या संस्थेच्या हाती सगळा पैसा एकत्र होता, म्हणून घरी गेलेली परिचारिका जखम होण्याआधीच काही करू शकत होती. सभासदांचे रुग्णालयातले दिवस घटले. गारफिल्ड खिळे ठोकून घेत, त्यातले शहाणपण इथे पुन्हा दिसते.

२८/
बोस्टनचा धडा एवढाच, की रक्कम माणूस पाहून ठरली पाहिजे आणि निर्णय माणसाजवळ झाला पाहिजे. पहिल्या अटीवर सॅन दिएगोतील रिचर्ड क्रॉनिक आणि सहकाऱ्यांनी काम केले. १९९६ मध्ये त्यांनी रुग्णाच्या निदानानुसार दरडोई रक्कम बदलणारी पद्धत प्रसिद्ध केली. १९९७ च्या केंद्रीय कायद्याने राज्यांना मॅनेज्ड केअर सक्तीची करायला मोकळीक दिली, पण विशेष गरजा असलेल्या बालकांना त्या थेट सक्तीतून वगळले. धोका कुठे आहे, हे कायदेमंडळालाही उमगले होते.

२९/
२२ जून १९९९ रोजी ‘ओल्मस्टेड’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की समाजात राहू शकणाऱ्या दिव्यांगाला विनाकारण संस्थेत डांबून ठेवणे हा भेदभाव आहे. खटला जॉर्जियातील लोइस कर्टिस आणि इलेन विल्सन या दोघींचा होता. घरसेवेची मागणी वाढली आणि राज्ये तीही दरडोई करारांवर सोपवू लागली. दीर्घकालीन सेवा मॅनेज्ड केअरमधून देणारी राज्ये २००४ मध्ये ८ होती, २०१२ मध्ये १६ झाली.

आता अंथरुणातून उठवणाऱ्या मदतनिसाचे तासही कंपनी मोजू लागली.

३०/
१ एप्रिल २०१६ रोजी आयोवाने, केटी बेकेटच्या राज्याने, जवळजवळ संपूर्ण मेडिकेड तीन खासगी कंपन्यांच्या हाती दिले. पुढच्याच वर्षी सहा दिव्यांग नागरिकांनी केंद्रीय न्यायालयात दावा लावला : घरी राहण्यासाठी लागणारी मदत कमी केली जात आहे आणि त्यामुळे संस्थेत जावे लागण्याची पाळी येते आहे, असा त्यांचा आरोप होता. २०१७ च्या अखेरीस तीनपैकी एका कंपनीने राज्यातून काढता पाय घेतला. दीर्घकालीन सेवा घेणाऱ्यांपैकी सर्वाधिक सभासद तिच्याकडेच होते.

३१/
आता २२ जून २०१७ ची ती फरशी पुन्हा आठवावी. ‘ओल्मस्टेड’ निकालाचा तो अठरावा वर्धापनदिन होता. आजवर राज्य कंपनीला दरडोई रक्कम देत होते. आता केंद्र राज्यालाच ती बांधून देणार होते. रक्कम अपुरी पडली की राज्य कुठे कात्री लावणार? रुग्णालय आणि नर्सिंग होमची सेवा कायद्याने बंधनकारक आहे. घरसेवा मात्र बहुतांशी ऐच्छिक. आंदोलकांना हे पाठ होते.

३२/
जुलैअखेर दरडोई मर्यादेचा मसुदा सिनेटमध्ये ४३ विरुद्ध ५७ मतांनी अडला; २८ जुलैला उरलेला छोटा मसुदाही ४९ विरुद्ध ५१ असा पडला. पराभवाची कारणे अनेक होती. पण व्हीलचेअरवरून उचलून नेल्या जाणाऱ्या माणसांची छायाचित्रे देशभर पोहोचली होती.

३३/
गारफिल्ड यांचे ५ सेंट ते सिनेटचे ते कलम, कल्पना एकच. वाळवंटात तिने एक रुग्णालय वाचवले, बोस्टनमध्ये माणसे रुग्णालयापासून दूर ठेवली, आणि अन्यत्र मदतनिसाचे तास कापले. फरक पडला तो दोन प्रश्नांच्या उत्तरांमुळे : रक्कम कोणाकडे पाहून ठरवली, आणि गरज कोणी ठरवली. आरोग्य योजनेच्या कोणत्याही नव्या आकड्याकडे पाहताना हे दोन प्रश्न आधी विचारावेत.

धागा समाप्त.